तिसऱ्या वाचकाचा शेरा

४ फेब्रुवारी, दुपार

बारके,

फाडायचंच असेल तर फाड, पण या चार ओळी वाचून मग फाड. अठ्ठावीस तारखेला तू तुझ्या कथेचा शेवटचा खर्डा त्या वेबसाइटवर चढवशील. त्याच्या आत थोरलीला पुन्हा पहिल्यासारखी कर. पहिल्या खर्ड्यात थोरला भाऊ होता, बाप मरणाच्या दारात असताना वेळेवर न पोचलेला. दुसऱ्या खर्ड्यात तू बापाची आई केलीस, भावाची बहीण केलीस आणि त्या बहिणीला वेळेवर पोचवलंस. तिला पोचवू नकोस. कथा म्हणून पहिलंच चांगलं होतं.

मला हे कसं कळलं असं विचारशील. एका ओळखीच्या माणसाने वाचायला दिलं. त्याचं त्या वेबसाइटवर काहीतरी काम असतं. लेखकाचं नाव नव्हतं, नुसता चारशे सतरा नंबर होता, पण मी ओळखलं. तू लिहितेस हेच मला ठाऊक नव्हतं गं. घरात लिहिणारी मी होते, तू काजं-बटणं करायचीस, अशीच आपली वाटणी होती आणि ती कुणी केली होती देव जाणे. नव्वद पानं लिहिलीस तू. मी बावीस वर्षांत एकसलग नव्वद पानं लिहिलेली नाहीत.

फोन केला असता, पण तू माझा नंबर ब्लॉक केलायस त्याला सहा वर्षं होतील. म्हणून दुकानाच्या पत्त्यावर पत्र. आईचं शिलाईचं दुकान तूच चालवतेस एवढं मला मामाकडून कळतं. बाकी तो काही सांगत नाही, आणि विचारलं की हवापाण्यावर येतो.

मी सध्या एका लेखन शिबिरात आहे. हो, तेच. तेच घर, तीच लांब पडवी, त्याच सात खोल्या. तेव्हा कादंबरी लिहायला आले होते, आता दुसऱ्यांना लिहायला शिकवते. महिनाभराचं काम आहे. दातांचा एक डॉक्टर खुनाची कथा लिहितोय, तिच्यात मेलेल्या माणसाचे दात तेवढे नीट दिसतात. एक निवृत्त साहेब आत्मचरित्र लिहितायत, एकशेदहा पानं झाली तरी अजून शाळेच्या फाटकातच उभे आहेत. आणि एक हेडफोनवाली मुलगी आहे. तिने इंटरनेटवरचे अकरा कोर्स पुरे केलेत, प्रत्येक प्रकरणाला वेगळा रंग असलेला तक्ता भिंतीवर लावलाय, आणि कथेची एक ओळ लिहिलेली नाही. मला तिचा राग येत नाही. तक्ता बघून मलाच बरं वाटतं.

फोन अजूनही दारातल्या पत्र्याच्या पेटीत ठेवावे लागतात, सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा. किल्ली आता माझ्याकडे असते. त्या दिवशीही माझा फोन पेटीतच होता, हे तुला मी सांगितलेलं आहे. ते पुन्हा उगाळत नाही. माझं म्हणणं फक्त कथेपुरतं आहे. वाचणारा माणूस म्हणून सांगतेय, बहीण म्हणून सांगायचा हक्क राहिला नसेल तर.

उत्तर दे. एका ओळीचं दिलंस तरी चालेल.

ताई


९ फेब्रुवारी, जेवणानंतर

बारके,

पत्र मिळालं असणार. टपाल इथून तीन दिवसांत जातं, मी चौकशी केली. तू उत्तर दिलं नाहीस. मीही दिलं नसतं.

ओळखीचा माणूस वगैरे कुणी नाही. मीच आहे. त्या वेबसाइटवर आलेली हस्तलिखितं वाचून शेरे लिहायचं काम मी चार वर्षं करतेय. प्रत्येक हस्तलिखित तीन जण वाचतात. वाचकांना नंबर असतात, लेखकांना नंबर असतात, कुणाला कुणाचं नाव कळत नाही. तुझा तिसरा वाचक मी.

आता हसशील. हस. मलाही पहिल्या दिवशी हसूच आलं होतं.

तुला वाटेल, सख्ख्या बहिणीचं लिखाण हिला पहिल्या फेरीत ओळखता येऊ नये? मी आठवड्याला बारा हस्तलिखितं वाचते. बाराची बारा माणसं जीव ओतून लिहितात, आणि मी त्यातली निम्मी पानं बोटाने वर सरकवते. तयार शेऱ्यांची एक फाइल आहे आमच्याकडे. ‘सुरुवात पकड घेते, मध्य रेंगाळतो.’ ‘संवाद अधिक बोलके हवेत.’ ‘पात्र पटत नाही.’ हवा तो उचलायचा, खाली दोन ओळी हाताच्या लिहायच्या, की लेखकाला वाटतं कुणीतरी मन लावून वाचलं. त्या दोन ओळींपुरतं मी वाचतेच, अगदीच फसवणूक नाही. पण डोळे शिणलेत. माणसं मरतात, घरं विकली जातात, नवरे सोडून जातात, आणि मी समासात ‘रेंगाळतो’ लिहिते.

तुझ्या पहिल्या खर्ड्यात बाप होता, त्याचं भांड्यांचं दुकान होतं, थोरला भाऊ परगावी माल मोजायला गेला होता. धाकट्याचा निरोप जातो, बाप घटकेचा सोबती आहे, ताबडतोब निघ. आणि थोरला म्हणतो, ‘साठा मोजून येतो.’

त्यावर मी काय लिहिलं ते तुला पाठ असेल. मलाही आता आहे. ‘थोरल्या भावाचं पात्र पटत नाही. बाप जातोय असा निरोप हातात आल्यावर साठा मोजून येतो असं कुणीही म्हणत नाही. माणूस इतका कोरडा नसतो. लेखकाने राग बाजूला ठेवून या पात्राकडे पुन्हा पाहावं.’ आणि खाली: ‘बाप धूसर आहे. लेखकाने अगदी जवळचं, रोज पाहिलेलं माणूस डोळ्यांपुढे ठेवावं.’

हे तयार फाइलीतलं नव्हतं. हे मी स्वतः लिहिलं, चांगला विचार करून, चहा बाजूला ठेवून. त्या थोरल्याचा मला खरंच राग आला होता.

आणि मग तू माझं ऐकलंस. दीड महिन्याने दुसरा खर्डा आला, आणि तिसऱ्याच पानावर एक बाई ओठांत टाचण्या धरून बोलत होती. ‘हात वर. सरळ उभी राहा. पोट आत घेऊ नकोस, नंतर घट्ट होईल.’ गिऱ्हाइकाचं माप मोठ्याने न म्हणणारी बाई, कारण लोकांना लाज वाटते. चार मापं डोक्यात ठेवून मग एकदम वहीत लिहिणारी. बारके, मी लॅपटॉप मिटला आणि पडवीत जाऊन उभी राहिले. डॉक्टर विचारायला आला, त्याच्या खुन्याने डाव्या हाताने मारावं की उजव्या. मी म्हटलं, तुम्हाला सोयीचं पडेल त्याने.

पुढची पानं मी दोन दिवसांनी वाचली. थोरली बहीण निरोप मिळाल्याबरोबर निघते. पायातली चप्पलसुद्धा धड घालत नाही. साडेचारला ती दारात असते. आई विचारते, ‘आली का ती?’ आणि ती पलंगाच्या उजव्या बाजूला बसून आईचा हात धरते, डाव्या बाजूला धाकटी. आईचा शेवट दोघींच्या मधे होतो.

मी रडले. इथे कुणी दार वाजवत नाही, त्यामुळे बराच वेळ रडता येतं. तशी मी दाखवली जाईन, छापली जाईन, लोक वाचून म्हणतील काय बहीण आहे. दोन दिवस मी तो खर्डा तसाच जवळ ठेवला. गप्प बसले असते तर कुणाला काही कळणार नव्हतं. शेरा लिहायचा, ‘पात्र आता पटतं’, आणि मोकळं व्हायचं. तीन वाचकांचे शेरे चांगले आले की वेबसाइटवाले त्याचं पुस्तक काढतात. बाकीच्या दोघांचे चांगलेच आहेत, मी बघितले. तेव्हा पुस्तक निघेल, आणि त्यात मी वेळेवर पोचलेली असेन, कायमची.

ते मला नको आहे. म्हणजे हवं आहे, म्हणूनच नको आहे. थोरल्याला परत आण. माझ्या शेऱ्याला काही अर्थ नव्हता.

फोन पेटीत होता हे खरं आहे. पण बाकीचं आज लिहवत नाही.

ताई


१४ फेब्रुवारी, सकाळ

बारके,

काल वर्गात मी सांगत होते, पात्र वाचणाऱ्याला पटलं पाहिजे. हे वाक्य मी इतक्यांदा म्हटलंय की ते म्हणताना मी मनात कपडे वाळत घातलेत का ते आठवू शकते. हेडफोनवाली मुलगी सहसा काही विचारत नाही, नुसतं टिपून घेते. काल तिने हेडफोन काढला आणि म्हणाली, “मॅडम, खरंच घडलेलं असेल आणि पटलं नाही तर?”

मी म्हटलं, “मग लेखकाने ते पटवायला हवं.”

“पण घडलंय ना.”

“घडलं म्हणून पटतंच असं नाही.”

“मग चूक वाचणाऱ्याची नाही का?” तिने अगदी साधेपणाने विचारलं. मी म्हटलं, आता चहाची वेळ झाली. झालीही होती.

चहानंतर मी काकूंकडे गेले. काकू म्हणजे इथलं सगळं बघणाऱ्या बाई, खोल्या, चादरी, ऑफिसातला फोन. सहा वर्षांपूर्वीही त्याच होत्या. यंदा आल्यापासून मी त्यांच्याशी पाणी, पंखा, किल्ल्या याखेरीज बोलले नव्हते, आणि त्याही माझ्याशी बोलल्या नव्हत्या. त्या चादरींच्या घड्या घालत होत्या. मी दुसरं टोक धरलं.

“काकू, मागे मी इथे होते तेव्हा माझ्या घरून फोन आला होता. आठवतं?”

“आठवतं की. पाच नंबरची खोली.”

“तुम्ही चिठ्ठी आणली होती.”

“चिठ्ठी दाराखालून सरकवायची असा नियम होता तेव्हा. मी दार वाजवलं. आईचं होतं ना.”

“मी काय म्हणाले?”

त्यांनी घडी पुरी केली, मग म्हणाल्या, “तुम्ही म्हणालात, एवढं पान संपवून येते.”

“आणि तुम्ही माझ्या बहिणीला काय सांगितलंत?”

“तेच सांगितलं. त्या फोन धरून होत्या. निरोप पोचला, पान संपवून निघतायत.” आणि दुसरी चादर उचलताना माझ्याकडे न बघता म्हणाल्या, “मला वाटलं पान म्हणजे दहा मिनिटं. मी काही लिहीत नाही ना, मला काय कळणार.”

म्हणजे तुला पहिल्यापासून माहीत होतं. अक्षरनअक्षर. आणि ‘साठा मोजून येतो’ वाचून मला काहीसुद्धा आठवलं नाही. मी लिहिलं, असं कुणी म्हणत नाही.

आता सगळं सांगते. मला वाईट म्हणवून घ्यायचं नाहीये, तेवढाही उत्साह आता उरलेला नाही. फक्त कुठेतरी नीट सांगून टाकायचंय.

काकू आल्या तेव्हा अडीच वाजले होते. चिठ्ठीवर होतं, आईचं फार झालंय, लगेच निघा. साडेतीनची बस मिळाली असती तर पाचच्या आधी मी दारात असते. मी ते तेव्हाही मोजलं होतं, इतकी मी शुद्धीवर होते. मी चिठ्ठी टेबलावर ठेवली आणि खरंच पान संपवायला बसले. मग वाटलं, एवढा उतारा. मग वाटलं, आता उठले तर हे पुन्हा हाती लागणार नाही, चार महिन्यांनी पहिल्यांदा काहीतरी हाती लागलंय. आणि आईचं तर वर्षभर वरखाली चाललेलंच होतं, दोनदा तू असंच बोलावलं होतंस आणि दोनदा ती उठून बसली होती. हे सगळं मी स्वतःला सांगत होते आणि हात चालत होता.

कशावर लिहीत होते, माहितेय? आईवर. तिच्या दुकानावर. खऱ्या आईने बोलावलं होतं आणि मी कागदावरची आई संपवत बसले.

प्रकरण संपलं तेव्हा सहाला पाच कमी होते. सहाला पेटी उघडली. सगळ्यांबरोबर मीही रांगेत उभी राहिले, फोन घेतला, तुझे अकरा मिस्ड कॉल बघितले आणि दचकले. बारके, मी खोटं दचकले नाही. मला खरंच धक्का बसला. बाजूच्या बाईने विचारलं काय झालं, मी म्हटलं, “अहो, फोन पेटीत होता हो, आई माझी…” तिने मला धरलं. त्या क्षणापासून हेच खरं झालं. फोन पेटीत होता. मी तुला तेच सांगितलं, मामाला तेच सांगितलं, स्वतःलाही तेच सांगत राहिले, आणि सहा वर्षांत ती चिठ्ठी एकदासुद्धा मला दिसली नाही. आई पाच वीसला गेली होती. मी दुसऱ्या दिवशी सकाळी आले आणि तू माझ्याकडे बघितलंस, काही बोलली नाहीस, आणि मला वाटलं दुःखाने बोलत नाही.

त्या वेळी तू एवढंच म्हटलं असतंस की काकूंनी मला सांगितलंय, तर? पण म्हणाली नाहीस. मला खोटं बोलू दिलंस आणि नंबर ब्लॉक केलास. तुझ्या जागी मी असते तर घर डोक्यावर घेतलं असतं.

ते प्रकरण पुढे कशातच गेलं नाही. कादंबरी झाली नाही. फाइल आहे, मी उघडत नाही.

तेव्हा आता तरी माझं ऐक. साठा मोजणारा तो थोरला खरा होता. हवं तर भाऊ ठेव, हवं तर बहीण कर आणि तिच्या हातात पेन दे. मी त्या शेऱ्यात दुरुस्ती करते, तसं करता येतं. अजून चौदा दिवस आहेत.

ताई


२३ फेब्रुवारी, दुपार

बारके,

तुझं पत्र काल आलं. काकूंनी माझ्या टेबलावर आणून ठेवलं आणि दारात थांबल्या, मी लगेच उघडते का ते बघायला. मी लगेच उघडलं.

मापाच्या वहीचं पान फाडून लिहिलंयस, मागे कुणाच्या तरी छातीचं न् कमरेचं माप आहे. तुझं अक्षर आईसारखं होत चाललंय, खाली खाली जाणारं. मी ते इतक्यांदा वाचलंय की आता इथे उतरवून काढते. तू काय लिहिलंस ते तुलाच परत सांगणं वेडेपणाचं आहे, पण मला त्यातल्या एकेका ओळीला उत्तर द्यायचंय.

तू लिहितेस: ‘तिन्ही पत्रं पोचली. पान संपवून येतेय हे मला त्याच दुपारी कळलं होतं. तू तिसरा वाचक आहेस हे मात्र नव्हतं माहीत. तो शेरा वाचला तेव्हा मला बरं वाटलं होतं, ताई. कुणीतरी परकं माणूस, माझी बाजू माहीत नसलेलं, म्हणतंय की असं कुणी वागत नाही. म्हटलं, चला, म्हणजे जे झालं ते वाईटच होतं, मी उगाच मनात धरून बसलेली नाही.’

बरं. तेवढं तरी काम त्या शेऱ्याने केलं.

मग तू लिहितेस: ‘पण दुसरा खर्डा मी तुझ्या शेऱ्यामुळे लिहिला नाही. तू काही इतकी मोठी वाचक नाहीस.’ इथे मी हसले. खूप दिवसांनी हसले, आणि बाजूच्या खोलीतून साहेबांनी खाकरून शांततेची आठवण करून दिली.

आणि मग हे: ‘चारनंतर आईला दिसेनासं झालं होतं. डोळे उघडे होते पण दिसत नव्हतं. पाचच्या सुमाराला तिने विचारलं, आली का ती? मी डाव्या बाजूला बसले होते. मी म्हटलं, आली. मग उठले, पलंगाला वळसा घालून उजव्या बाजूला गेले आणि तिचा दुसरा हात हातात घेतला. बोलले नाही, आवाज ओळखला असता. तिने माझी बोटं चाचपली आणि म्हणाली, आलीस ना, बरं झालं. मग मी परत डाव्या बाजूला आले. असं मी तीनदा केलं. पाच वीसला मी कुठल्या बाजूला होते ते मला आठवत नाही. तेव्हा आईपुरती तू आलेली होतीस. मी खोटं लिहिलेलं नाही. तुझ्या मनाच्या समाधानासाठी माझी कथा बदलायला सांगू नकोस. शाळेचे गणवेश शिवायला आलेत, मला वेळ नाही.’

खाली जागा सोडून, वेगळ्या पेनाने: ‘आईला मी शेवटच्या घडीला फसवलं. हे कुणालाच सांगितलेलं नाही. कथेतही म्हणूनच तू खरी आलीस असं लिहिलं.’

काल दुपारपासून मी हे घेऊन बसलेय. खरं सांगू? पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला इतकं हलकं वाटलं की लाज वाटली. आईपुरती मी आले होते. ती मी आल्याचं समजून गेली. सहा वर्षांत मला कुणी इतकं मोठं काही दिलेलं नाही, आणि ते तू दिलंस, जिने माझा नंबर ब्लॉक केलाय. मी संध्याकाळभर त्यावर जगले. डॉक्टरच्या खुनाचं कौतुकसुद्धा केलं.

आज सकाळी पुन्हा वाचलं. आळसाने नाही, पानं न सरकवता. आणि एका शब्दाशी अडले. तू लिहिलंयस, तिने बोटं चाचपली.

बारके, तू तेरा वर्षांची असल्यापासून आईच्या बाजूला बसून शिवतेस. तुझ्या उजव्या हाताच्या मधल्या बोटाला घट्टा आहे, आणि तर्जनीचं टोक सुईने इतकं खरबरीत झालंय की रेशमी कापडाला लागलं तर धागा निघतो, म्हणून रेशमी काम आई स्वतः करायची आणि तुला ओरडायची. माझी बोटं तिला माहीत होती. ‘हिचे हात म्हणजे लोणी, काही कामाचे नाहीत,’ असं ती गिऱ्हाइकांसमोर म्हणायची. आणि आई कोण होती? दिवे गेले की गठ्ठ्यातून हात फिरवून सांगायची, हे सुती, हे मिश्र धाग्याचं, हे धुतल्यावर आटेल. चाळीस वर्षं बोटांवर पोट भरलं तिने. डोळे गेले होते, बोटं गेली नव्हती.

तिने तुझा हात ओळखला. पहिल्यांदाच ओळखला असणार. तू वळसा घालून आलीस ते पावलांवरूनही कळलं असेल, ती जमीन कुठे करकरते हे तिच्याइतकं कुणाला माहीत होतं. आणि तरी म्हणाली, आलीस ना, बरं झालं. ते तिने मला म्हटलेलं नाही. आपली धाकटी पोर एकटीच दोन मुलींचं करायला धडपडतेय हे तिला कळलं, आणि तुझं मन राखायला ती म्हणाली. तीनही वेळा.

तू तिला फसवलं नाहीस गं. हे ओझं आज खाली ठेव.

हे लिहिणं मला जड जातंय, कारण हे लिहिलं की मला काल जे मिळालं होतं ते गेलं. मी हे न लिहिता पत्र बंद करू शकले असते. तू मला कधी विचारलं नसतंस. पण सहा वर्षं तू माझं खोटं सांभाळलंस, आता आणखी एक तुझ्या गळ्यात घालून मी सुखाने बसू, हे माझ्याने होणार नाही. फार दमलेय मी तसल्या सुखाला.

वेबसाइटला आज कळवलं की चारशे सतरा नंबर माझी बहीण आहे, माझा शेरा काढून टाका आणि दुसरा वाचक नेमा. त्यांनी विचारलं, आधी का नाही कळवलं. मी लिहिलं, ओळखलं नव्हतं. त्यांना ते पटलेलं दिसत नाही. पुढचं काम देतील असं वाटत नाही, नाही तर नाही.

थोरलीला बदल असं मी आता म्हणणार नाही. तुझी कथा आहे, तुला हवी तिथे तिला बसव. मी फक्त त्या खोलीत काय होतं ते मला समजलं तसं तुला सांगते, कारण तू तिथे होतीस आणि तुला दिसलं नाही. मी आले नव्हते, आणि आईला ते माहीत होतं. तिच्या दोन्ही बाजूंना तूच होतीस, आणि तेही तिला माहीत होतं.

ताई